मुंग्यांच्या घरातला सुतार

४ फेब्रुवारी

पहिला घाव बसला होता. दुसरा बसायच्या आत मी बुंध्याला पाठ लावून उभी राहिले. कुऱ्हाड वर गेलेली होती. ती त्याने तशीच हवेत धरून ठेवली.

"बाजूला हो, अटवूकी."

"मुगारा," मी म्हणाले, "या झाडाला हात लावायचा नाही."

त्याची दोन माणसं दोर घेऊन उभी होती. त्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग जमिनीकडे. कुऱ्हाड हळूहळू खाली आली.

"काय म्हणालीस?"

"ऐकू आलं तेच. मुगारा."

त्याने कुऱ्हाड खांद्यावर टाकली आणि तो चालू लागला. माणसं दोर गुंडाळत मागून गेली. एक जण दुसऱ्याला म्हणाला, "उन्हाने डोकं तापलंय हिचं." मला ऐकू यावं इतक्या आवाजात.

माझ्या नवऱ्याच्या या थोरल्या भावाला मी आजवर अराली सोडून दुसऱ्या कशाने हाक मारलेली नाही. लग्न होऊन इथे आले त्या दिवसापासून तो अराली आणि मी अटवूकी. आमच्याकडे माणसाला त्याच्या नावाने बोलावतात ते पोलीस, शाळेतले मास्तर आणि वैरी. बाकी सगळे एम्पाकोने, बारशाच्या दिवशी मांडीवर घेऊन दिलेल्या दुसऱ्या नावाने. चोराला धरलं तरी आधी त्याचा एम्पाको विचारतात, मग मारतात.



हे रानउंबराचं झाड त्याच्या आणि माझ्या जमिनीच्या हद्दीवर आहे. अर्धी सावली त्याची, अर्धी माझी. याच महिन्यात त्याच्या मुलीची, कुनिहिराची, पाठवणी आहे. पाठवणीला केळ्यांची दारू लागते, त्यासाठी केळी तुडवायला लाकडाची दोण लागते आणि घरातली जुनी दोण तडकली आहे. म्हणून झाड पाहिजे. ओढ्यापलीकडे त्याच्या बागेत झाडं काय कमी आहेत? पण नाही, हेच पाहिजे. का ते मला समजतं. हद्दीवरचं झाड गेलं की हद्द गेली. विधवेची जमीन मोजायला मोजणीदार लागत नाही, कुऱ्हाड पुरते.

झाडावर वर, दुबेळक्यात, काळ्या मुंग्यांनी बांधलेल्या घराचा गोळा आहे. मडक्याएवढा. त्याला एक गोल भोक पडलं आहे आणि त्यात लहान सुतार पक्ष्याची जोडी आहे. मुठीएवढा पक्षी, पाठ शेवाळी, पोटावर पिवळसर ठिपके. नराच्या मानेमागे लाल पट्टा, मादीला तो नाही. इतर सुतारांसारखा हा ठोकत बसत नाही, म्हणून कुणाला दिसत नाही. मला दिसला. महिनाअखेर पक्षी बघणारे पाहुणे येणार आहेत ते याच्यासाठी.

मुगाराला हे मी कशाला सांगू?

५ फेब्रुवारी

सासूबाई सकाळीच काठी टेकत आल्या. चहा नको म्हणाल्या. म्हणजे प्रकरण मोठं.

"काल तू काय बोललीस ते ओढ्यावरच्या बायका मला सांगतात. मी मेले आहे का?"

"तुमचा मुलगा माझं झाड तोडत होता, अकीकी."

"तुझं झाड," त्या म्हणाल्या. "कुनिहिरा जन्मली तेव्हा तिच्या आजोबांनी लावलेलं ते. नातीच्या पाठवणीची दोण याच झाडाची, असं सगळ्यांसमोर म्हणाले होते. तू तेव्हा या घरात आलीही नव्हतीस."

"मग ते हद्दीवर कसं आलं?"

"हद्द झाडाकडे आली. झाड काय चालत गेलं?"

म्हातारी थोरल्याचीच बाजू घेणार. धाकटा मातीत आहे.

"त्याचं नाव परत दे," त्या म्हणाल्या. "नाहीतर तो तुझ्याशी बोलणार नाही. बोलणार तरी कोणत्या तोंडाने? ज्या नावाने बोलायचा तेच तू काढून घेतलंस."

"नको बोलू दे. घर शांत राहील."

"न बोलणारा शेजारी काय असतो ते तुला माहीत नाही, अटवूकी."

त्या गेल्यावर मी झाडाखाली गेले. फोनवर सुतार पक्ष्याची हाक आहे, पाहुण्यांना फिरवणाऱ्या बसालिझाने दिलेली. बारीक, थरथरत खाली उतरत जाणारी. ती लावली. आवाज संपायच्या आत नर आला आणि गोळ्याजवळच्या फांदीवर बसला. मग जरा बरं वाटलं.

८ फेब्रुवारी

आज बसालिझा अमूटी येऊन गेला. दलदलीच्या वाटेची समिती त्याच्या हातात आहे. पाहुणे कुठून कुठे चालणार, त्यांच्या पुढे कोण चालणार आणि त्यांचं जेवण कोण शिजवणार, सगळं तोच ठरवतो. इतकी वर्षं मी शिजवलं. पाहुणे चिखलाचे बूट घेऊन परत येतात, काय काय पाहिलं ते एकमेकांना सांगतात, आणि मी ताटं वाढते. त्यातले निम्मे पक्षी माझ्या परसात असतात.

त्याने फिरिंडा, घेवड्याची घोटलेली आमटी, दोनदा मागून घेतली. घेवडा मी रात्रीच सोलून ठेवला होता.

"अटवूकी, तुमची फिरिंडा आणि तुमचा पक्षी एकाच ठिकाणी मिळाले तर पाहुणे घरी परत जाणार नाहीत. त्यांच्या बायका मला शिव्या देतील."

"मी फिरिंडा करणार नाही, अमूटी. मी वाट दाखवणार."

"पक्षी दाखवा. मग वाट तुमच्या दारावरून जाईल आणि पुढे तुम्ही चालाल. चारचौघांत सांगतो."

"आणि नाही दिसला तर?"

"तर वाट पलीकडच्या अंगाने. पाहुणे केळीची बाग बघायला इतक्या लांबून येत नाहीत."

त्याला झाडाखाली नेलं. फोन लावला. नर पहिल्याच आवाजाला आला. पिसं फुगवून या फांदीवरून त्या फांदीवर फिरत राहिला, थांबेचना. बसालिझा खूश झाला. "किती आनंदात आहे बघा," म्हणाला. निघताना म्हणाला, "रोज खात्री करून घेत जा. पाहुणे यायचे आणि पक्षी नाही, असं नको."

रोज करीन. लोकांना दाखवता येईल असं काही मला पहिल्यांदा मिळालं आहे. ते कुऱ्हाडीखाली जाऊ देणार नाही.

१० फेब्रुवारी

मुगारा झाडाखाली बसलेला. दगडावर, हातात कोयता, काही काम नाही. राखण करतोय. म्हणजे झाड त्याचं हे दाखवतोय.

मी त्याच्याकडे न बघता फोन लावला. नर आला. मग भोकातून मादीही बाहेर आली आणि उडून ओढ्याकडे गेली. एकाच वेळी दोघं दिसली. पाहुण्यांना असं दिसलं तर काय मजा येईल.

मुगाराने मान हलवली. तोंड उघडलं, मिटलं. उठून निघून गेला. तोंड उघडून मिटणाऱ्या माणसाइतकं चीड आणणारं दुसरं काही नाही. बोलायचं तर बोल.

११ फेब्रुवारी

पुन्हा बसलेला. मी पुन्हा लावला. पुन्हा उठून गेला. ठीक आहे. त्याला घालवायचा उपाय सापडला.

१३ फेब्रुवारी

कुनिहिरा आली. उंबऱ्यात गुडघे टेकले, वंदन केलं आणि लगेच हसायला लागली.

"अटवूकी, मी निरोप आणलाय. पण मला मारू नका. मी मोटारसायकलवरचा बोडावाला आहे, नुसता माल पोचवते."

"बोल, अब्वूली."

"बाबा म्हणतात, ते यंत्र घरी ठेवा."

"कोणतं यंत्र?"

"फोन. झाडाखाली नेऊ नका म्हणतात."

"का?"

"ते नाही सांगितलं. म्हणाले, तिला विचारायचं असेल तर तिने येऊन विचारावं. कसं विचारायचं ते तिला माहीत आहे."

बघा. निरोपातसुद्धा अट. आधी माझ्या तोंडून अराली काढून घ्यायचं, मग उपदेश करायचा.

"तुझ्या बाबांना म्हणावं, तुम्ही कुऱ्हाड घरी ठेवा."

"कुऱ्हाड घरीच आहे," ती म्हणाली. "त्या दिवसापासून कोपऱ्यात आहे. आई त्यावर टोपली ठेवते."

"मग दोण?"

"काय माहीत. बाबा काही बोलत नाहीत. माझी पाठवणी पाण्यावर होणार बहुतेक. तिकडचे म्हणतील, सून आणली की बेडूक?"

तिला शेंगदाणे दिले. खात खात गेली. चांगली मुलगी आहे. बापावर गेली नाही.

फोन घरी ठेवा म्हणे. पाहुणे माझ्या दारात येऊ नयेत, एवढंच त्याला हवं आहे. मी ताटं वाढते तोवर मी घरातली. चार माणसांच्या पुढे चालायला लागले की मग जमीन माझ्याकडून कोण काढून घेणार? हे त्याला कळलेलं आहे.

१५ फेब्रुवारी

सकाळी आणि संध्याकाळी, दोन्ही वेळा लावला. नर आला, पण उशीर लागला. लांब बसला. मादी दिसली नाही.

झाडाच्या घावातून पांढरा चीक अजून वाहतो आहे. एकच घाव, पण झाडाला लागला. पक्ष्यांना असं कळतं. आता काय काय भोगायला लागणार त्या एका घावाचं.

१७ फेब्रुवारी

सासूबाईंनी समेटाच्या कॉफीच्या बियांची परडी काढली. मला बोलावलं, काय ते सांगितलं नाही. गेले तर मुगारा चटईवर बसलेला. परडी मध्ये.

"दोघांनी एकेक बी घ्या आणि चावा," त्या म्हणाल्या. "मला या वयात न्यायाधीश करू नका."

त्याने हात पुढे केला. बी उचललं, पण तोंडात टाकलं नाही. वाट बघत राहिला. त्याचं बरोबर होतं. बी चावायच्या आधी एकमेकांना हाक मारायची असते.

खोलीत माशी घोंघावत होती. म्हातारी माझ्याकडे बघत होती, तोही बघत होता. दोघांनी मिळून मला कोपऱ्यात घेतलं होतं. मी नवरा गेल्यावर याच चटईवर बसले होते, आणि याच माणसाने म्हटलं होतं, जमिनीची काळजी करू नकोस, मी बघतो. मी बघतो. तेव्हापासून तो बघतोच आहे.

"मुगारा झाड सोडतो का ते विचारा," मी सासूबाईंना म्हणाले. "मग नाव देते."

त्याने बी परत परडीत ठेवलं. आईकडे बघत म्हणाला, "नाव म्हणजे बकरी नाही, अकीकी. बाजारात नेऊन झाडाशी अदलाबदल करायला."

तो गेला. सासूबाईंनी स्वतः एक बी चावलं. "कडू आहे," म्हणाल्या. "वर्षच वाईट."

परत येताना झाडाखाली थांबले. फोन बराच वेळ लावला. नर आला तेव्हा ऊन उतरलं होतं. आला आणि लगेच गेला.

१९ फेब्रुवारी

दोण आली. टेकडीपलीकडच्या कुणाकडून तरी मागून आणलेली. आठ-दहा पुरुष खांद्यावर घेऊन गात गात आले आणि मुद्दाम माझ्या दारावरून गेले. दुसरी वाट आहे, खालून. पण नाही, माझ्याच दारावरून. मुगारा पुढे चालत होता, खांदा देत होता, चेहरा घामाने भिजलेला. माझ्याकडे बघितलं नाही.

एक जण ओरडला, "अटवूकी, दोण मागून आणली! तुमच्या पाखरांना सांगा, निवांत झोपा!"

सगळे हसले. मला हिणवायला ही मिरवणूक. बघ, तुझ्या झाडावाचून आमचं अडत नाही. मग आधी कुऱ्हाड कशाला उचलली होती? दोण मागून मिळत होती तर आधीच मागायची.

दार लावून घेतलं. गाणं बराच वेळ ऐकू येत राहिलं. आता ते त्या दोणीत केळी तुडवत असतील.

२१ फेब्रुवारी

पाठवणी झाली. लिहू की नको असं वाटत होतं. लिहिते.

घरच्या बायकांनी रांगेतल्या सगळ्या मोठ्यांपुढे गुडघे टेकून एकेकाला एम्पाकोने वंदन करायचं असतं. आधी आपली माणसं, मग नवऱ्यामुलाकडची. मी घरची धाकटी सून, मला टाळता येत नव्हतं. एकेकापुढे गुडघे टेकत गेले. अमूटी. अपूली. अकीकी. मुगारापाशी आले. तो नव्या पांढऱ्या अंगरख्यात, वर पांघरलेला कोट, हात गुडघ्यांवर. मी त्याला वंदन न करताच त्याच्या पुढच्या माणसापाशी जाऊन गुडघे टेकले.



नवऱ्यामुलाकडून बोलायला आणलेला म्हातारा टोपी सावरत म्हणाला, "या घरात एकाला एम्पाको द्यायचा राहून गेला वाटतं. आम्ही देऊ का? आमच्याकडे जास्तीचे आहेत."

लोक हसण्याच्या बेतात थांबले, मुगाराकडे बघायला लागले.

"द्या," मुगारा म्हणाला. "पण टिकाऊ द्या. जुना वापरून झिजलाय."

मग सगळे हसले. म्हातारा डोळे पुसेपर्यंत हसला. दारूची भांडी फिरायला लागली, गोष्ट पुढे गेली. याची मला जास्त चीड आली. मी त्याला उघडा पाडायला गेले आणि त्याने लोकांकडून टाळ्या घेतल्या. त्याला हे जमतं. माझ्या नवऱ्याला जमायचं नाही. तो असा भर गर्दीत गप्प व्हायचा.

कुनिहिरा हसली नाही. गाडीत बसताना माझ्या गळ्यात पडायची तेवढी पडली. कानात म्हणाली, "आजच्या दिवस तरी, अटवूकी." आणि गेली.

मला काय हौस आहे का?

२४ फेब्रुवारी

पक्षी नाही.

काल नव्हता, आज नाही. सकाळपासून फोन लावून बसले. आवाज पूर्ण वर करून ठेवला. फोन हातात तापला. गोळ्यावर मुंग्या फिरत आहेत, त्यांची आत-बाहेर नेहमीसारखी चालू आहे. भोक काळं. कुणी बाहेर येत नाही, कुणी आत जात नाही.

त्याने काहीतरी केलं आहे. पाठवणीच्या गर्दीत कोण कुठे गेलं कुणाला कळणार? गोळ्यात तंबाखूची पूड टाकली की दोन दिवसांत सगळं रिकामं होतं. सासूबाईंना जाऊन तसं सांगितलं.

"तंबाखू?" त्या म्हणाल्या. "तुझा नवरा गेला त्या आठवड्यात थोरल्याने तंबाखू सोडली. घरात चिमूटभर नाही."

"विकत मिळते."

"डोकं विकत मिळतं का बघ, अटवूकी. मिळालं तर दोन आण. एक मला."

२६ फेब्रुवारी

सकाळी लावला. दुपारी लावला. ओढ्याच्या काठाने फिरत लावला. काही नाही. माकडं मात्र गोळा झाली.

पाहुणे उद्या.

बसालिझाला फोन करून सांगायला हवं होतं. केला नाही. पक्षी उद्याही येऊ शकतो. आज नाही आला म्हणजे उद्या नाही, असं कुठे आहे?

२७ फेब्रुवारी

नाही आला.

पाहुणे सहा-सात होते, बहुतेक वयस्क, टोप्या आणि दुर्बिणी घेऊन. शहाण्यासारखे गप्प उभे राहिले. मी लावला. बसालिझाने त्याच्या आवाजाच्या मोठ्या डब्यावर लावला. मी पुन्हा लावला. एक बाई सारखी माझ्याकडे बघून हसत होती, मला धीर द्यायला. त्या हसण्याचा मला राग आला. अर्धी सकाळ सगळे पाय बदलत उभे होते. एकाला पानांत दुसरा कुठला तरी पक्षी दिसला, मग सगळ्यांनी तो बघितला आणि त्यातच आनंद मानला.

बसालिझा मला बाजूला घेऊन म्हणाला, "असं होतं, अटवूकी. रान आहे, दुकान नाही."

"उद्या दाखवते."

"उद्या दुपारी ते निघतात. सकाळ आहे हातात. सापडला तर माझा शब्द आहेच. नाहीतर वाट पलीकडून, आणि तुम्ही..." त्याने स्वयंपाकघराकडे हात केला. वाईट बोलला नाही. हात केला नुसता.

मी तशीच मुगाराच्या अंगणात गेले. तो सोललेल्या केळ्यांवर पानं पसरत होता. काय काय बोलले ते सगळं आठवत नाही. तू झाड तोडू शकला नाहीस म्हणून पक्षी घालवलेस. तुला माझी वाट नको, मला कुणी विचारायला नको, भाऊ मेला तेव्हापासून तू माझ्या मरणाची वाट बघतोस. मुगारा, मुगारा, मुगारा, असं प्रत्येक वाक्यात. शेजारच्या बायका कुंपणाशी येऊन उभ्या राहिल्या. उभ्या राहू देत.

त्याने हात पुसले.

"अटवूकी," तो म्हणाला, "बस."

मी बसले नाही. पण तो बोलला. मी नाव दिलं नव्हतं तरी बोलला. इतके दिवस धरलेली अट त्याने कुंपणावरच्या बायकांसमोर मोडली, आणि चेहऱ्यावर तसं काही दाखवलं नाही.

"मी तिथे रोज बसत होतो. पहिल्या दिवशी मला माहीत नव्हतं वर काय आहे. मग बघितलं. मग कुऱ्हाड ठेवून दिली."

"खोटं."

"तुझ्या फोनातून जो ओरडतो तो त्यांना फोन वाटत नाही. दुसरा नर वाटतो. घर बळकावायला आलेला. तू तो रोज आणलास. तो बिचारा फुगून फुगून त्याला शोधत फिरायचा, ती अंडी सोडून बाहेर यायची. किती दिवस सोसतील?"

"घर बळकावायला कोण आलंय ते मला माहीत आहे."

कुंपणावर कुणीतरी हसलं.

"मेलेले नाहीत," तो म्हणाला. "ओढ्यापलीकडे आहेत. माझ्या बागेच्या टोकाला जुन्या उंबरावर मुंग्यांचा गोळा आहे, तिथे नवीन भोक पाडताहेत. पाठवणीच्या आदल्या दिवशी बघितले. त्यांना पाऊस येईपर्यंत सोड, अटवूकी. मग पाहुण्यांना घेऊन ये. माझ्या बागेतून ने, मी अडवत नाही. पण ते यंत्र नको, आणि आत्ता नको."

मी घरी आले.

आता विचार करते. म्हणजे पक्षीही शेवटी त्याच्याच हद्दीत गेले. माझ्या झाडावरचे, मी शोधलेले, मी राखलेले. आणि आता मी जायचं ते त्याच्या परवानगीने, तो म्हणेल तेव्हा, पाऊस आल्यावर. पाऊस आल्यावर पाहुणे कुठे असतात? मी बघतो, म्हणाला होता. हे त्याचं बघणं.

फोन आणि दुसरा नर म्हणे. पहिल्या दिवसापासून तो पक्षी आनंदाने यायचा, हे बसालिझानेही बघितलं आहे. बसालिझा शिकलेला माणूस आहे. आणि इतकं माहीत होतं तर आधी का नाही सांगितलं? एका नावासाठी गप्प बसला. पक्ष्यांपेक्षा त्याला त्याचं नाव मोठं.

बसालिझाला फोन केला. उजाडताना पाहुण्यांना घेऊन ये म्हणाले. ओढ्यापलीकडे.

२८ फेब्रुवारी

सकाळी पाहुण्यांना घेऊन ओढा ओलांडला. जुन्या उंबराखाली थांबून फोन लावला. पहिल्याच आवाजाला नर आला, हाताच्या अंतरावर, मान ताठ करून, पट्टा लालभडक. सगळ्यांना दिसला, सगळ्यांनी फोटो काढले, त्यांच्या सांगण्यावरून आणखी थोडा वेळ लावून ठेवला. बसालिझाने सगळ्यांसमोर सांगितलं की वाट माझ्या दारावरून जाईल. परतताना मुगारा बागेत केळीची सुकी पानं काढत होता. मी थांबून त्याला अराली म्हणून हाक मारली. तो पानं काढत राहिला.